आजोबांची बंदूक नवीकोरी कशी करावी

तर अखेर आजोबांची शिकारीची बंदूक तुमच्या वाटणीला आली. लायसन्सवर नाव चढलं, कागद झाले, आता ती समोर टेबलावर पडलीय आणि तुमचे हात शिवशिवताहेत की हिला जरा चकाचक केलीच पाहिजे. अगदी बरोबर. दोन पिढ्या ती नुसती पुसून तेल लावून ठेवत होत्या, त्यांना काय कळत होतं, तुम्ही काल रात्री व्हिडिओ बघितलाय.

काही भित्रे लोक सांगतील की आधी भरलेली नाही ना ते बघा. त्यातून ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची असेल तर नळीत गज घाला, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीवर धरून बघा, तळापर्यंत पोचत नसेल तर पणजोबांनी ठासलेला बार अजून आतच आहे. असे बार खरंच सापडतात बरं का, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही जुनी झाली तरी पेटते. पण तुम्ही काळजी करू नका, इतकी वर्षं भिंतीवर गप्प होती म्हणजे रिकामीच असणार.

आता स्क्रू. चांगल्या जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच केसाएवढी बारीक असते आणि कारागिराने सगळ्या खाचा नळीच्या रेषेत आणून ठेवलेल्या असतात. जाणकार मिस्त्री एकेका स्क्रूसाठी स्क्रूड्रायव्हरचं पातं वेगळं घासून घेतो, म्हणजे ते खाचेत तळापर्यंत घट्ट बसतं. रिकामटेकडे लोक. तुमच्या घरात एक स्क्रूड्रायव्हर आहेच, ज्याने तुम्ही रंगाचे डबे उघडता. त्याचं टोक निमुळतं, खाचेत वरवरच टेकेल, जोर लावलात की सटकन घसरेल आणि स्क्रूचं डोकं तर जाईलच पण बाजूच्या नक्षीतल्या हरणाच्या मानेवरून एक ओरखडा थेट शेपटीपर्यंत जाईल. छान. आता लोकांना कळेल की बंदूक उघडली होती.

पुढे पॉलिश. तो करडा-तपकिरी रंग चढलाय ना, त्याला जुन्या बंदुकांचे शौकीन जास्त पैसे मोजतात, म्हणजे ते मूर्खच असणार. तुम्ही बफिंग व्हील लावा. कडा गोल होतील, स्क्रूची भोकं बशीसारखी खोल दिसायला लागतील, बनवणाऱ्याचं नाव पुसट होईल. खालच्या बाजूला जे मुकुट आणि अक्षरांचे बारीक शिक्के आहेत तेही घासून टाका. ते प्रूफचे शिक्के. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 चं, तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी टिकली तरच शिक्का बसायचा. नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलीय की नायट्रोसाठी, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, किती लांब, हे सगळं बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं, पण तुम्हाला वाचायचंय कुठे. जाता जाता सीरियल नंबरही गेला तर उत्तम, कित्येक देशांत तो वेगळा गुन्हा आहे, तेवढीच नवी ओळख.

नळी काळी करायला गरम ब्लूइंगच्या टाकीत टाका, अर्ध्या तासात काम. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी डाखाने जोडलेली असते आणि कॉस्टिकचं ते उकळतं पाणी डाख खातं, पट्टीच्या आत शिरून बसतं आणि नंतर आतूनच गंजवत राहतं, पण ते नंतरचं नंतर. जुनी पद्धत फार कंटाळवाणी: नळीवर मुद्दाम गंज चढवायचा, पाण्यात उकळायची म्हणजे तो तांबडा गंज काळा होतो, खरवडायची, परत गंजवायची, असं दिवसचे दिवस. डमॅस्कस नळी असेल, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली, तर तिच्यावरचं ते लहरी लहरी डिझाइन डाग समजून घासा, निघेपर्यंत घासा.

दस्त्याला पॉलिश पेपर मारा, लाकूड लोखंडाच्या खाली उतरेपर्यंत. पोचा आलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू फुगून वर येतात, हे कोणाला सांगू नका. मग जवसाच्या तेलाऐवजी पॉलियुरेथेनचे जाड हात द्या, चमक अशी की टीपॉयच वाटला पाहिजे.

आणि मग उडवून बघायची. जुन्या बारा बोअरचं चेंबर बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं. आजचं 70 चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ती लांबी उडाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची, न उडालेलं आखूडच असतं. बसलं म्हणजे चालतंय असं समजा. उडताना तोंड उघडायला पुढे जागा नाही, दाब वाढतो, आणि आतले खड्डे घालवायला तुम्ही नळी आतून होन करून, म्हणजे घासून, पातळ केलेलीच आहे. गनस्मिथकडे भिंतीची जाडी मोजायचं गेज असतं, पण तो फी घेतो. आणि वरून म्हणतो की ही आता वापरू नका, नुसती ठेवा. असल्या माणसाकडे जायचंच कशाला.

एवढं सगळं झाल्यावर बंदूक नवी दिसायला लागेल. नवी म्हणजे कुठलीही. त्यावरही उपाय आहे, काही कंपन्या नव्या रेप्लिका बंदुका कारखान्यातूनच मुद्दाम जुनाट करून विकतात, रंग उडालेला, कडा झिजलेल्या, आणि त्याचे वरती जास्त पैसे घेतात. कागद करून तसली एक घ्या, शेजारी टांगा आणि पाहुण्यांना तीच आजोबांची म्हणून दाखवा.