एम्पररनं खरं कधी सांगायला हवं होतं?

'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये जे अजून तिसऱ्या ॲक्टला पोचले नाहीत त्यांनी इथंच थांबा. पुढं सगळं फोडलंय.

सोलापुरातल्या आपल्या गेमवाल्या मंडळींत सध्या एकच वाद पेटलाय. स्वप्नात येणाऱ्या गार्डियननं, म्हणजे पुढं ज्याचं नाव एम्परर कळतं त्यानं, "मी माइंड फ्लेयर (मेंदू खाणारा राक्षसी जीव) आहे" हे पहिल्याच रात्री सांगून टाकायला हवं होतं का? माझं मत सरळ आहे. पहिल्या रात्री तो गप्प बसला ते बरोबर केलं. पुढं क्रेशमध्ये, म्हणजे गिथयांकी योद्ध्यांच्या तळावरही गप्प बसला, तिथं चुकला, आणि ती चूक शेवटपर्यंत नडते.

आधी पहिली रात्र बघा. सगळ्यांच्या डोक्यात टॅडपोल, म्हणजे माइंड फ्लेयरची अळी. एरवी सात दिवसांत माणसाचा माइंड फ्लेयर होतो. ते थोपवलंय प्रिझम नावाच्या जादूच्या वस्तूनं, म्हणजे खरं तर त्यात कोंडलेल्या गिथयांकी राजपुत्र ऑर्फियसच्या शक्तीनं. प्रिझम आपली सोबतीण शॅडोहार्टकडे आणि आत काय आहे हे तिलाच ठाऊक नाही. शेजारी दुसरी सोबतीण लेझेल झोपलेली, ती गिथयांकी. गिथयांकी आणि माइंड फ्लेयर यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. नुसती लक्षणं दिसायला लागली असं वाटलं तरी ती रात्री उठून आपल्या गळ्याशी पातं आणते. अशा तळावर तो खऱ्या रूपात आला असता तर प्रिझम कुणीतरी भिरकावून दिला असता, आणि तो हातातून गेला की सगळेच गेले. इतक्या कच्च्या ओळखीत हे सत्य पेलणारं नव्हतं.

पण रोझीमॉर्न मठाखालचं क्रेश आठवा. झैथिस्क या यंत्रात टॅडपोलपासून शुद्धी होईल म्हणून लेझेल स्वतः जाऊन बसते आणि ते यंत्र तिचाच जीव घ्यायला निघतं. मग गिथयांकींची राणी व्लाकिथ येते आणि हुकूम सोडते, प्रिझममध्ये जा, आत जो आहे त्याला मारा. आपण आत जातो. गार्डियन समोर उभा, हत्यार आपल्या हातात, आणि तरी आपण वार करत नाही. विश्वास याहून वेगळा काय असतो? राणी खोटी आहे हे लेझेलनं नुकतंच अंगावर सोसलंय. तिच्याच लोकांचा राजपुत्र तिथं साखळदंडात आहे, हे सांगायला यापेक्षा योग्य वेळ नव्हती. तो मात्र उसना चेहरा तसाच ठेवतो आणि "माझ्यावर भरवसा ठेव" एवढंच म्हणतो.

कुणी म्हणेल, क्रेशला न जाताही गेम पुढं जातो. जाऊ दे की. मग मूनराइज टॉवर्सखाली एल्डर ब्रेन, म्हणजे टॅडपोलवाल्यांवर ताबा ठेवणारा महामेंदू, डोळ्यांनी दिसल्यावर सांगायचं. तोही मुहूर्त तो चुकवतो. सांगतो कधी, तर शहराच्या वाटेवर गिथयांकी प्रिझममध्ये घुसतात आणि त्याचं रूप उघडं पडतं तेव्हा. पकडला गेल्यावर दिलेल्या कबुलीला किती किंमत द्यायची?

आपल्याकडं जकार्डवर चादर विणताना ताण्याचा धागा तुटला तर माग तिथंच थांबवतात, गाठ मारतात, मग पुढं. "एवढी उतरू दे, मग बघू" म्हटलं की तिथून पुढं नक्षीत उभी रेघ पडत जाते, आणि मागनं गाठ मारून ती मिटत नाही.

इथं ती रेघ टॅडपोलची आहे. मधल्या सगळ्या काळात तो आपल्याला टॅडपोल वापरायला सांगत राहतो. सल्ला देणारा स्वतः माइंड फ्लेयर आहे, हे घेणाऱ्याला माहीत नको? त्यानंतर तो एक खास टॅडपोल पुढं करतो, अर्धं माइंड फ्लेयर करणारा. आधी टॅडपोल पचवलेले असतील तर नुसतं नाही म्हणायलाही फासा टाकावा लागतो. संमती कशाची दिली होती तेच ज्याला कळलं नाही, त्याच्याकडून ही वसुली मला पटत नाही.

तो दुरुस्त झाला असेल, असं म्हणणाऱ्यांनी शहरातल्या सरदारीण स्टेलमेनचं प्रकरण तपासावं. जवळीक साधायला येतो त्या प्रसंगाआधी सेव्ह करा आणि दोन्ही उत्तरं देऊन बघा. गोड बोललात तर स्टेलमेन त्याची बरोबरीची साथीदार राहते. झिडकारलंत तर तोच दाखवतो की ती त्याच्या ताब्यातली बाहुली होती. आपण जसं वागू तसं सत्य बाहेर काढणारा हा गडी. तो स्वतः शहराचा संस्थापक बाल्डुरान होता आणि त्याचा मित्र, अन्सुर नावाचा ड्रॅगन, त्याच्याच हातून मेला, हेही शहराखालच्या वर्मवेमध्ये ड्रॅगनच्या सांगाड्यापाशी जाऊन आपल्यालाच शोधावं लागतं.

शेवटी ऑर्फियसचे साखळदंड तोडणारा हातोडा. राफाएल या सैतानाशी करार करायचा नसेल तर डेव्हिल्स फी या दुकानातल्या वर्तुळावर कवटी, धूप, मॅमनचं नाणं, हिरा आणि इन्फर्नल मार्बल मांडून त्याच्या हाउस ऑफ होपमध्ये शिरा आणि तो चोरा. ऑर्फियसला सोडवायचं ठरवलंत की एम्परर उठून थेट ब्रेनच्या बाजूला जातो. "बघा, त्याला धोका होताच," असं त्याचे वकील म्हणतात. धोका होता, मान्य. पण ऑर्फियसला समजावता येणारच नाही हा हिशोब त्यानं कुणाला न विचारता आधीच करून ठेवला होता. आणि साखळी तुटल्यावर, ब्रेनला हरवायला कुणीतरी माइंड फ्लेयर व्हावंच लागणार असतं, तेव्हा त्या जातीचा सगळ्यांत जास्त तिटकारा असलेला ऑर्फियस स्वतः व्हायला तयार होतो.