पवनेचे तंबू आणि अडॉर्नो

फ्रँकफर्ट स्कूल या जर्मन विचारवंतांच्या गटाची क्रिटिकल थिअरी, म्हणजे समाजाची चिकित्सा करणारा सिद्धांत, आता कालबाह्य झाली, असं कुणी म्हणालं की मी त्याला शनिवारी संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर जाऊन यायला सांगतो. तंबूंची रांगच्या रांग. दुपारी चेक-इन, मग बार्बेक्यू, माइकवर जुनी हिंदी गाणी, शेकोटी, सकाळी पोहे-चहा, आणि पुढची बॅच यायच्या आत तंबू रिकामा करायचा. तंबू ठोकायचेही कष्ट नाहीत, तो ठोकलेलाच मिळतो.

याच गटातल्या थिओडोर अडॉर्नोने मे १९६९ मध्ये जर्मन रेडिओवर फावल्या वेळाबद्दल एक भाषण दिलं, त्यात नेमकं कॅम्पिंगच आहे. घरातल्या कोंदट मध्यमवर्गी वातावरणाला कंटाळलेली पोरं एकेकाळी तंबू घेऊन बाहेर पडायची, तो एक निषेध होता. ती ओढ खरीच होती. उद्योगाने ती हेरली आणि तंबू, गाड्या, सटरफटर सामान असं सगळं तिच्या गळ्यात मारलं. त्याचं म्हणणं, सुट्टी कामापासून सुटका देत नाही. ती कामाचंच शेपूट असते. (गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये तो स्वित्झर्लंडला सुट्टीवर असतानाच वारला.)

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री अकराला लोक मनगटाकडे बघत फेऱ्या मारतात. दहा हजार पावलं भरली की जिथे असतील तिथे थांबतात, लिफ्ट गाठतात. बॉस नाही, पगार नाही, तरी टार्गेट आहेच.

अडॉर्नोचं सगळंच मला पटत नाही. जॅझवरचं त्याचं लिखाण तर चक्क आढ्यताखोर आहे. पण ‘तो लोकांना मूर्ख समजतो’ हा नेहमीचा आरोप करणाऱ्यांनी ते भाषण शेवटपर्यंत वाचावं. १९६६ मध्ये नेदरलँड्सची राजकन्या बेआट्रिक्स आणि जर्मन मुत्सद्दी क्लाउस यांच्या लग्नाचा माध्यमांनी प्रचंड गाजावाजा केला. अडॉर्नोच्या फ्रँकफर्टमधल्या संशोधन संस्थेने त्यावर लोकांना प्रश्न विचारले, ते तो भाषणात सांगतो. लोकांनी सोहळा चवीने पाहिला होता. पण याचं राजकीय महत्त्व काय, असं विचारल्यावर अनेकांनी अगदी भानावर राहून उत्तरं दिली. म्हणजे पाहतात, पण पुरते गिळत नाहीत. अडॉर्नोला इथे आशा दिसली.

मला ती आता तितकीशी दिसत नाही. रील बघताना ‘काय फालतूपणा आहे’ असं मीही म्हणतो आणि पुढे सरकवतो. पण मी किती सेकंद थांबलो, हे तिकडे नोंदलं गेलेलं असतं. माझा विश्वास त्यांना नकोच आहे, हजेरी पुरते.

आणि हे फक्त मोबाइलपुरतं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घेता येईल अशा दुरुस्तीला मंजुरी दिली. ओव्हरटाइमसाठी म्हणे कामगाराची लेखी संमती घेणार. अडॉर्नोचा सहकारी माक्स होर्कहायमरने १९३७ मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: समोर दिसणारी गोष्ट जशी आहे तशी धरून चालू नका, ती कोणत्या परिस्थितीतून घडली ते बघा. ज्याच्या घराचा हप्ताच ओव्हरटाइमवर फिटतो, तो त्या कागदावर सही करणार नाही तर काय करणार?