‘अर्धं नाटक, पूर्ण पैसे’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

‘संगीत रामराज्यवियोग’च्या शनिवारच्या प्रयोगाला आपण एक तारा दिलात. प्रयोग उशिरा सुरू झाला, पदं संपता संपेनात, आणि तिसऱ्या अंकानंतर गोष्ट पुरी न करताच पडदा टाकून आम्ही चारशे रुपयांना अर्धं नाटक विकलं, असं आपलं म्हणणं. आपला विरस झाला याबद्दल दिलगीर आहे. तिसरी घंटा लांबली, कारण आधीचा कार्यक्रम आटोपल्याशिवाय आम्हाला रंगमंच मिळत नाही. पदं लांबली ती वन्समोअरमुळे, आणि तो प्रेक्षकांनीच दिला होता.

पण ‘अर्धं नाटक विकलं’ हे फार लागलं. अहो, चौथा अंक आम्ही कापलेला नाही, तो नाहीच! नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८४ साली तीन अंक रंगभूमीवर आणले आणि १८८५ च्या नोव्हेंबरात ते गेले. अंक लिहून होतील तसे रंगभूमीवर आणायचे, ही त्यांची रीतच होती. ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिल्यांदा झालं ते चारच अंकांचं. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ही आधी तीन अंकांचंच आलं. ती दोन्ही पुढे पुरी झाली, हे राहून गेलं. म्हणून तर याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. शेवट नवा लिहून जोडा, असं आम्हालाही सुचवलं गेलं. अण्णासाहेबांच्या साकी-दिंडीच्या पदांना माझ्या हातचं ठिगळ? ते आमच्याच्यानं होणार नाही.

जाहिरातीत आणि तिकिटावर ‘उपलब्ध तीन अंक’ असं छापलेलं आहे. नांदी झाल्यावर सूत्रधारही तेच सांगतो. आपण त्या वेळी फोनवर बोलत बाहेर होतात, असं आमचा दारावरचा मुलगा म्हणतो. त्याची ओळखण्यात गफलत झाली असेल, मी वाद घालत नाही.

चारशेचं म्हणाल तर थेटरचं भाडं, ऑर्गन-तबला, गाणाऱ्या नटांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, शालू-मुकुटांचा टेम्पो हे सगळं त्यातूनच भागतं. शनिवारी मागच्या रांगा रिकाम्या होत्या, आपण पाहिल्याच असतील. अशा वेळी एका ताऱ्यानं पुढचं बुकिंग बसतं हो.

असो. पुढच्या खेपेला घोषणा जरा मोठ्यानं करू, वेळेचंही बघतो. दिवाळीनंतर ‘सौभद्र’ लावतोय. पाच अंकी आहे, पुरं आहे. अवश्य या, फक्त नांदीच्या आधी या.