पैसे देऊन रडते म्हणे!

आज सकाळी आमच्या आळीत बिबडे (ज्वारीचे पापड) होते. पहाटेच चूल पेटली होती, ओली धोतरं अंथरली होती आणि आम्ही सगळ्या थापायला बसलो होतो. हात चालू तशी तोंडंही चालू. तेवढ्यात एका काकूंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय वं, तुझी जाऊ म्हने मोबाईलवर पैसे देऊन रडते?"

सगळ्या हसल्या. त्यांच्याच अंगणात बसून त्यांना काय उत्तर देणार, म्हणून गप्प राहिले. पण दिवसभर तेच डोक्यात घुमतंय. म्हणून लिहिते, जाऊ मोबाईलवरून समुपदेशकाशी बोलते त्याबद्दल. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. आणि जाऊला विचारूनच लिहिते. ती म्हणाली, "लिहा ताई, फक्त नाव नका टाकू."

फैजपूरच्या बाजूचे लोक ओळखतील, मागच्या जूनच्या वादळात किती बागा आडव्या झाल्या. आमचीही झाली. घड लागलेली केळी एका संध्याकाळीत जमिनीवर. त्या दिवसापासून माझ्या दिरांनी बोलणं सोडलं. जेवायला यायचे, ताट सरकवायचे, निघून जायचे. त्यातच पावसाळ्यात सासूबाईंना लकवा मारला. मी शाळेत नोकरीला, माझे मिस्टर भुसावळला ड्युटीवर. मग दिवसभर घरात कोण? जाऊ. कुशीवर वळवणं, पेज भरवणं, चादरी धुणं, दोन पोरांचे डबे, आणि नवऱ्याचा तो मुका राग.

हळूहळू तिची झोप गेली. रात्री पाणी प्यायला उठावं तर ही अंधारात ओट्यावर बसलेली. पोराच्या हातून पेला पडला तरी अंग थरथरायचं. "काय होतंय गं?" विचारलं की "काही नाही ताई, ऊन लागलं असेल." ऊन! भर श्रावणात!

दवाखान्याच्या भिंतीवर तिने १४४१६ हा नंबर वाचला होता. टेली मानस, मन बिघडलं तर बोलायची सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. एका रात्री तिने लावला. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? झोप किती होते, जेवता का, घरात कोण कोण आहे, जीव नकोसा वाटतो का. हे प्रश्न आम्हा घरातल्या कोणी तोवर तिला विचारलेच नव्हते, यावर मला जास्त काही बोलायचं नाही. मग माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीने पुण्याच्या एक समुपदेशक मिळाल्या. आठवड्यातून एकदा, व्हिडिओवर, पंचेचाळीस मिनिटं, आठशे रुपये.

आता बोलायचं कुठून? तीन खोल्या, आठ माणसं. दार लावलं की कोणीतरी ठोठावतंच. शेवटी गच्चीचा जिना ठरला. रात्री नऊला ती कानात इयरफोन घालून वरच्या पायरीवर बसते आणि मी खाली पहिल्या पायरीवर लसूण सोलत बसते. कोणी विचारलं की सांगायचं, वाळवण गोळा करतेय. सध्याच्या उन्हात तो जिना रात्रीसुद्धा चटके देतो. आमच्या घरी लसूण किती सोललेला असतो ते विचारू नका.

आणि काकू म्हणतात, पैसे देऊन रडते.

बरं, रडते तर रडते! तुमच्याकडे फुकट रडायची सोय होती का? सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते यावलच्या एसटीत पोहोचलं असतं. भगताला नारळ, लिंबू, कोंबडं आणि वर अकराशे रुपये देतो ना आपण? तेव्हा कोणी हिशोब मागत नाही. पानटपरीवर रोज संध्याकाळी दोन-दोन तास भाव, राजकारण आणि बायकोची गाऱ्हाणी चालतात, त्याला कोणी रडणं म्हणत नाही. त्याला बैठक म्हणतात. बाईने जिन्यावर पाऊण तास बोललं की घराण्याची अब्रू गेली.

ती पुण्याची बाई करते तरी काय, हे मलाही बघायचं होतं. उपदेश करत असेल असं वाटलं होतं. तसं काही नाही. आठवडाभर राग आला की वेळ आणि कारण वहीत लिहायला सांगितलं. वहीत दिसलं की राग पोरांवर नसायचाच, रात्रीच्या जागरणानंतरच्या सकाळीच तो चढायचा. मग प्रश्न आला, रात्री सासूबाईंजवळ कोण असतं? हीच. रोज. दुसरं कोणी का नाही? याचं उत्तर जिन्यावर नव्हतं, ते खाली खाटेवर झोपलेलं होतं.

एकदा बाईंनी दिरांनाही बोलावलं. आमचे भाऊजी डोक्यावरची टोपी न काढता मोबाईलसमोर बसले. पाऊण तासात "हो", "बरं" आणि "बघू" एवढंच बोलले. पण त्या आठवड्यापासून दोन रात्री त्यांनी घेतल्या. पुढे एका रात्री आईचे पाय चेपता चेपता बागेबद्दल बोलले म्हणे, पहिल्यांदाच. जाऊने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं होतं.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. त्या काकूंचंच बघा ना. लग्न करून चौदा माणसांच्या घरात आल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या की झोक्यावर बसून गाण्यातून सासरचं सगळं ओकायचं, आणि पुढच्या आखाजीपर्यंत तोंड बंद. वर्षातून एकदा! मग बाकीच्या दिवसांत कोणाला सांगितलं असेल त्यांनी? विहिरीला? सकाळी सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या, पण नंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "रात्री किती वाजता लागतो गं तो फोन?" मी सांगितलं, कधीही.

मान्य, सगळंच काही चांगलं नाही. समुपदेशकाचा बोर्ड आज कोणीही लावतो, तेव्हा शिक्षण विचारून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर मागा, त्यात लाजायचं काय? नेटवर्क जातं, बाई वाक्याच्या मध्येच गोठते. आठशे रुपये सगळ्यांना झेपत नाहीत. आणि नवरा हात उचलत असेल तर जिन्यावर बसून श्वास मोजायचे नाहीत, सरळ १८१ किंवा ११२ लावायचा. औषधाची गरज असेल तर डॉक्टरकडेच जावं लागतं. हे सगळं खरं. पण ही नावं ठेवणारी मंडळी यातलं एकही कारण देत नाहीत, त्यांचं कारण एकच, घरातलं बाहेर गेलं.

गेलं बाहेर. पण नीट जागी गेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारातलं गुपित राखण्याचा हक्क लिहिलाय. आळीत असा कायदा आहे का?

त्या पुण्याच्या बाईंचा नंबर इनबॉक्समध्ये मागू नका, जाऊने मनाई केलीय. १४४१६ सगळ्यांचाच आहे. आणि "सकाळी उठून योगा करा, मन प्रसन्न राहतं" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी आधी आमच्याकडे मुक्कामाला यावं, एक रात्र दर दोन तासांनी उठून सासूबाईंना कुशीवर वळवावं, मग सकाळी योगाचं बोलू.