मशीन गेली म्हणे! अन् रबर कोण पाहीन?

मे महिन्यातली दुपार, वणीहून घुग्घुसकडे जाणारा रस्ता, पुढं कोळशाचा ट्रक. बटण दाबलं तर गाडीच्या खिडकीची काच अर्ध्यावर येऊन बसली. आता एकानं बटण दाबून धरायचं, दुसऱ्यानं काच दोन तळहातांत चेपून वर सरकवायची, आणि तोवर नाकातोंडात काळी भुकटी घ्यायची. गावोगावी हाच तमाशा. गाडी तालुक्याला नेली की मिस्तरी बटण दोनदा खालीवर करणार, दाराला कान लावणार अन् निकाल देणार, "मशीन गेली न भाऊ. बदला लागते."

अरे पण काहून गेली? हे ना मिस्तरी सांगत, ना गाडीवाला विचारत. मशीन म्हणजे दाराच्या पोटातली मोटर, तिचा ड्रम, त्यावर गुंडाळलेली तार आणि काच उचलून पट्टीवर सरकणारा प्लॅस्टिकचा तुकडा. काच कडेच्या रबरी नाळेत, म्हणजे खाचेत, मोकळी सरकत असेल तर या मशीनला फारसं काही होत नाही. पण नाळ काचेला आवळून धरते, मोटर ओढून ओढून तापते, तार ड्रमवरून उतरते, प्लॅस्टिकचा तुकडा तडकतो. मग काही हजारांची मशीन नवी बसते, काही शेकड्यांचा रबर जुनाच राहतो, आणि नवी मशीन पहिल्या दिवसापासून त्याच आवळलेल्या काचेशी झटत बसते. दुसऱ्यांदा गेली की म्हणायचं, माल डुप्लिकेट निघाला.

काच दारात कशावर उभी असते ते एकदा पाहा तरी. खालून ती मशीनला दोन बोल्टांनी नाहीतर पकडींनी धरलेली. बाकी तिन्ही बाजूंना नुसता रबर: पुढच्या उभ्या कडेला, वर छताखाली आणि मागच्या उभ्या कडेला इंग्रजी 'यू'सारखी रबरी नाळ. तिला रन चॅनल म्हणतात. तिला बीडिंग म्हणू नका हो! बीडिंग म्हणजे दार मिटल्यावर दाबला जाणारा चौकटीचा जाड रबर. दुकानात जाऊन "काचेचं बीडिंग द्या" म्हटलं की दुकानदार भलतंच काढून देतो, आणि मिस्तरी तेच ठोकून बसवतो. रन चॅनलच्या दोन्ही ओठांवर मखमलीसारखी बारीक लव असते. ती शोभेला नाही. कोरडा रबर काचेला धरतो, लव तिला सरकू देते आणि पाणी-वारा अडवते. उभ्या नाळा कमरेखाली दाराच्या पोटातही उतरलेल्या असतात, म्हणून काच पूर्ण खाली असली तरी तिच्या कडा मोकळ्या सुटत नाहीत. शिवाय दाराच्या कमरेला, जिथून काच आत शिरते तिथं, बाहेरून एक आणि आतून एक पट्टी. बाहेरची वायपर पट्टी काच खाली जाताना तिच्यावरचं पाणी-धूळ निपटून काढते.

आता आपली धूळ घ्या. पांदण रस्त्यावरची काळी माती कोरडी असताना पावडरीसारखी, ओली झाली की लोण्यासारखी आणि वाळली की दगड. वावरात उन्हाळ्यात जिला हात हात भेगा पडतात तीच ही माती. पाण्यानं फुगणं, उन्हानं आवळणं हा तिचा धर्मच. ती नाळेत लवेवर बसली, पहिल्या पावसात भिजली, उन्हात वाळली की लवेची झाली खरड. त्यात तूर-सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ गाडी उभी करायची, म्हणजे कुटाराची भुकटीही आत. ही लव वर्षातून चार वेळा साफ करायला एकेका दाराला पाच-दहा मिनिटं लागतात. कोणी करत नाही. त्याऐवजी वॉशिंगवाल्याकडं नेतात, आणि तो पोट्टा प्रेशरचा पाइप काचेच्या फटीतच खुपसतो! वरची माती धुतली गेली असं वाटतं. ती धुतली जात नाही, ती खालच्या उभ्या नाळेत जाऊन घट्ट बसते.

आणि मग येतं तेल. डोक्यात तिडीक जाते ती इथं. काच जड झाली की लोकं नाळेत जे हाताला लागेल ते घालतात. ग्रीस घालतात, खोबरेल तेल घालतात, इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल पिचकारीनं सोडतात, कोणी डिझेलचा बोळा फिरवतो. चार दिवस काच लोण्यासारखी चालते, मग पाचव्या दिवशी "पाहा, इलाज केला न!" म्हणून मिशीवर ताव. अहो, हा रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीचा असतो. ऊन, पाणी, वारा तो वर्षानुवर्षं सोसतो, पण खनिज तेल त्याचं वैरी. तेलानं तो फुगतो, मऊ पडतो, ओठ वाकडे होतात. फुगलेली नाळ काचेला आणखी आवळते. वर त्या तेलावर धूळ बसून जो चिखल होतो तो पॉलिश पेपरचं काम करतो. काचेवर ज्या उभ्या बारीक रेघा दिसतात न, त्या बऱ्याचदा याच चिखलाच्या. त्या रेघा पुसून जात नाहीत.

नाळेला चालतो तो सिलिकॉनचा स्प्रे. पण तो कधी? आधी साफ केल्यावर. काच पूर्ण खाली घ्या. जुना दात घासायचा ब्रश कोरडाच नाळेत वरून खाली फिरवा, माती बाहेर काढा. मग पातळ पट्टीला सुती कापड गुंडाळून, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळून, नाळेच्या तळापर्यंत ओढा. कापड काळं यायचं थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याचं कापड, मग वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर नळीच्या टोकानं सिलिकॉनचा हलका हात, पुढची आणि मागची उभी नाळ, वरची आडवी. काच चार-पाच वेळा वरखाली करा, उरलेलं पुसून घ्या. संपलं. यात ना रॉकेट आहे, ना शंभर रुपयांची मजुरी. ग्रीस लागतं ते आतल्या मशीनच्या धातूच्या पट्टीला, तेही बोटभर. नाळेला नाही, नाही, नाही.

आता "मशीन गेली" म्हणणाऱ्याला चार प्रश्न विचारा. काच खाली झपकन येते आणि वर जाताना शेवटच्या चार बोटांत दमते? मग रबर पाहा. काच उतरताना वजन मोटरला मदत करतं, चढताना नाही, आणि वर पोचता पोचता तिन्ही बाजूंचा रबर एकदम धरतो. काही वेळ गाडी उभी ठेवली की पुन्हा चालते? मोटर तापून स्वतःच बंद पडत होती, म्हणजे ओझं जास्त. काच पूर्ण वर टेकते आणि आपोआप अर्धी खाली उतरते? ही बोट चेपू नये म्हणून दिलेली सोय आहे. आवळलेल्या रबराला ती कोणाचं बोट समजते. त्यात मोटर बदलून काय होणार? आणि आतून कर्रकर्र आवाज येतो, काच जागची हलत नाही किंवा धपकन खाली पडते, तेव्हा खरंच तार किंवा प्लॅस्टिक गेलं. बटण दाबल्यावर आतून हूं की चूं नाही, तर आधी फ्यूज पाहा, बटण पाहा, दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतली वायर पाहा. दार उघडझाप करून ती तुटते.

खरी परीक्षा याहून सोपी. दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढा, काचेचे बोल्ट सोडून काच मशीनपासून मोकळी करा (काच हातानं धरून, नाहीतर ती आत पडेल) आणि हातानंच वरखाली सरकवा. दोन हातांच्या बेताच्या जोरानं सरळ सरकली पाहिजे. हातालाच सरकत नसेल तर मोटरला काय दोष देता, राजेहो?

रबर बदलायचा तर मग नीट बदला. आधी मालाचं. मीटरवर मिळणारा रबर कापून लावायची टूम निघाली आहे. त्याला वळणं नसतात. मूळ नाळेत वरचे कोपरे साच्यात ओतून एकसंध केलेले असतात. मीटरचा रबर कोपऱ्यात ४५ अंशांत कापून झटपट गोंदानं चिकटवतात. तो सांधा कडक होतो आणि आपल्या ४५-४६ अंशांच्या उन्हाळ्यात सुटतो. नेमका मागचा वरचा कोपरा उघडतो, आणि गाडीनं वेग घेतला की तिथून शिट्टी वाजते. पावसात खांद्यावर धार. तालुक्याला साच्याचा रबर मिळाला नाही तर नागपूर-अमरावतीहून मागवा, चार दिवस थांबा. तोवर काच बंद ठेवून गाडी चालवा, मरत नाही कोणी.

बसवताना काच पूर्ण खाली. जुनी नाळ वरच्या कोपऱ्यापासून ओढून काढायची, लोखंडी खाच ब्रशनं साफ, गंज दिसला तर खरवडून रंगाचा हात. नव्या नाळेच्या पाठीला साबणाचं पाणी, तेल नाही. आधी दोन्ही कोपरे बसवायचे, मग वरची पट्टी मधून कडांकडं दाबत न्यायची, शेवटी उभ्या बाजू खाली दाराच्या पोटापर्यंत. ताणायची नाही! ही चूक तर रोजची. ताणून बसवलेला रबर महिन्या-दोन महिन्यांत आक्रसतो आणि कोपऱ्यातून बाहेर येतो. उलट किंचित दाबून, जास्तीचा आत कोंबून बसवायचा. तळाची टोकं लोखंडी पट्टीत शिरली का, ते बोटानं चाचपून पाहायचं. ती बाहेर राहिली तर काच खाली जाताना खडखड करते आणि वर येताना तिरपी होते. काचेचे बोल्ट, बहुतेक दहा नंबरच्या पान्याचे, आधी अर्धवटच लावायचे. काच नाळेत पुढंमागं होऊन आपली जागा धरू द्या, मग आवळा. तेही पान्यावर लटकून नाही. ही टफन काच असते, एका बिंदूवर दाब आला की वाटाण्याएवढे हजार तुकडे. एका झटक्यात वर जाणारी काच असेल तर शेवटी ती पूर्ण बंद करून बटण काही सेकंद तसंच धरून तिला पुन्हा शिकवावं लागतं. गाडीगणिक रीत वेगळी, पुस्तिकेत लिहिलेली असते. पुस्तिका डॅशबोर्डात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली.

आणि हे सगळं करून मिस्तरी पॅड लावतो तेव्हा खरा घात करतो. पॅडमागं एक प्लॅस्टिकचा कागद असतो, काळ्या चिकट डिंकानं चिकटवलेला. मिस्तरी तो फाडतो आणि चुरगाळून कोपऱ्यात फेकतो, "याचं काही काम नसते" म्हणून. काही काम नसते! काचेवरून ओघळलेलं पाणी थोडंफार दारात शिरणारच, वायपर पट्टी कितीही चांगली असो. दार बनवणाऱ्यानं ते गृहीतच धरलं आहे. ते पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून खाली जावं आणि पॅडकडं येऊ नये म्हणून तो कागद. तो फाडला की पावसाळ्यात पॅड फुगतं, स्पीकर कुजतो, पायाखालची मॅट ओली, गाडीत गोदामाचा वास. मालक म्हणतो छत गळते. छत नाही गळत, बावा. कागद कचऱ्यात आहे.

त्या तळाच्या भोकांचंही तेच. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन असतात, पान्याच्या तोंडाएवढ्या लांबट फटी. चिखलानं बुजतात. ब्रेक मारला की दारातून डबाडब आवाज येतो, तो पाण्याचा. आत आठ-आठ दिवस पाणी साचून दार खालून सडतं, अन् लोकं वरून पॉलिश मारतात. केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घेऊन भोकं मोकळी करा. लोखंडी तार घालू नका, रंग खरवडला की गंज तिथूनच धरतो.

काळी फिल्म चिकटवणारे तर वेगळेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी घातली, बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हायला हवा हा नियम आहे, तरी लावतात. लावा न, दंड भरा. पण त्या फिल्मची खालची कड वायपर पट्टीत अडकून गुंडाळते आणि तिचा डिंक लवेला चिकटतो, मग काच वर येताना कुत्रं केकाटल्यासारखा आवाज. त्याचं खापर पुन्हा मशीनवर.

आडव्या सरकत्या काचांच्या व्हॅन आणि प्रवासी जिपांचं तर विचारूच नका. तिथं ना मोटर ना तार, फक्त खालची खाच आणि तिच्यात लवेची पट्टी. खाचेला पाणी बाहेर जायची दोन भोकं, बस. एवढं साधं काम! तरी लव निघालेली, भोकं बुजलेली, काच खडखडू नये म्हणून सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा नाहीतर चिंधी कोंबलेली, आणि आत बोटभर काळी माती. पावसाळ्यात एखाद्या खिडकीच्या खाचेत तर गवत उगवलेलं असतं, हिरवंगार. सातबारा तेवढा काढायचा राहिला त्याचा.