हळू चार्ज होत आहे

पूर्ण बंद पडलेल्या वस्तूचा त्रास नसतो. ती माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या गाड्यावर, आणि विषय मिटतो. छळते ती अर्धवट चालणारी. आमचा टॅबलेट या जातीतला. चार्ज होत नाही म्हणावं तर वरच्या कोपऱ्यात विजेची खूण ठसठशीत दिसते. होतोय म्हणावं तर रात्री 40 टक्क्यांवर लावलेला सकाळी 37 वर सापडतो. रात्रभर खाऊन वजन घटवायची ही विद्या मला साधली असती तर डॉक्टरांची बोलणी वाचली असती.

हा टॅबलेट 2020 मध्ये, लॉकडाउनात, मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतला. पुढे शाळा शाळेत भरायला लागली, मुलीला स्वतःचा फोन झाला आणि टॅबलेट वारसाहक्काने वरच्या दिशेला सरकत आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, गेला. आण्णांनी सगळी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करण्यात काढली. आता सकाळी कीर्तन, दुपारी क्रिकेटच्या जुन्या मॅची, संध्याकाळी परत कीर्तन. मॅचचा निकाल तोंडपाठ असतो, तरी शेवटची षटकं आली की ते पलंगावर उठून बसतात. नेमका तेव्हाच टॅबलेट काळा पडायचा आणि आतल्या खोलीतून हाक यायची, "अरे, बघ की ह्याला काय झालं! जिंकायला आठ पायजेत आन् हा गेला झोपी!"

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, सल्ला मात्र चोवीस तास आणि पूर्ण दाबानं. शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी टॅबलेट हातात न घेताच सांगितलं, "बॅटरी गेली." पुण्याचा मेहुणा फोनवर म्हणाला, "नवा घ्या हो, भाऊजी." दुसऱ्याच्या खिशातून खर्च सुचवताना त्याचा आवाज फार मोकळा होतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, रीसेट मारा." तिच्या पिढीचा हा रामबाण, डोकं दुखलं तरी रीसेट मारतील. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र थेट डबा पुढे केला.

"तांदळात ठेवा दोन दिवस."

"वहिनी, तो पाण्यात नाही पडलेला."

"न पडू दे की. तांदळानं काय वाईट होतंय का?"

खरं म्हणजे होतं. तांदळाचं पीठ आणि कण चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात आणि होता तो घोळ वाढतो. पण आमच्या घरात भाकरीबरोबर जी शेंगाचटणी असते ती वहिनींच्या हातची. अशा माणसाशी विज्ञानावरून वाद घालायचा नसतो. मी तांदळाचा डबा घेतला, टॅबलेटच्या शेजारी ठेवला आणि दोन दिवसांनी परत केला.

या सगळ्यात सौभाग्यवतीचा प्रश्न तेवढा कामाचा होता. "अहो, ह्याचा स्वतःचा चार्जर कुठाय?"

आमच्या घरात चार्जर एका टोपलीत राहतात. सगळे पांढरे, सगळे निनावी. कुठला कुणाबरोबर आला हे सांगणारं कुणी हयात नाही. त्यांच्या पोटावर माहिती छापलेली असते, पण पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात, आणि अक्षरं इतकी बारीक की ती वाचली जाऊ नयेत अशीच कंपनीची इच्छा असावी. शेवटी आण्णांचं भिंग आणलं. कापडाच्या एका इंचात किती धागे आहेत ते मोजायला कारखान्यात वापरतात ते, पितळेचं, घडीचं. त्याखाली धरल्यावर कळलं की टॅबलेटला रोज जो चार्जर लागत होता तो 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा, कुठल्यातरी जुन्या साध्या फोनचा. टॅबलेटला हवा होता 2 अँपिअरचा, म्हणजे 10 वॅटचा. शिवाय कुणीतरी अधूनमधून टॅबलेट लॅपटॉपलाही लावायचं. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी भोकातून मिळतो अर्धा अँपिअर, हिशेबानं अडीच वॅट. या टॅबलेटच्या बॅटरीत सत्तावीसेक वॅट-तास मावतात. म्हणजे पडदा बंद ठेवून हात जोडून बसलं तरी अकरा-बारा तास. आणि आण्णा पडदा बंद ठेवणार? कीर्तन चालू असताना एकटा पडदाच दोन-तीन वॅट खातो. वर विजेची खूण आणि खाली घसरणारे टक्के, याचं कोडं इतकं साधं होतं. आवकेपेक्षा खर्च जास्त. हे निवृत्त बँकवाल्या काकांना तरी सुचायला हवं होतं.

टोपलीच्या तळाशी 2 अँपिअरचा चार्जर सापडला. आनंदानं लावला. पडद्यावर अक्षरं आली: "हळू चार्ज होत आहे."

म्हणून नवी पेठ गाठली. तिथल्या मोबाईलच्या दुकानांच्या रांगेत एका टपरीवजा गाळ्यात विशीतला एक पोरगा बसतो. माझ्याशी मराठी, मालवाल्याशी फोनवर हिंदी, आईशी तेलुगू आणि शेजारच्या दुकानदाराशी कानडी, हे सगळं एकाच वेळी, तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून. त्यानं टॅबलेटकडे बघितलंच नाही. म्हणाला, "केबल दावा, काका." मी आमची लाल केबल काढली. चांगली तीन मीटर लांब. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या एका गाड्यावरून घेतलेली. आण्णांचा पलंग खिडकीपाशी आणि विजेचा बोर्ड दाराशी, त्यामुळे लांबीवर आम्ही सगळेच खूश होतो.

पोरानं केबलच्या टोकाला काडेपेटीपेक्षा लहान एक मीटर अडकवला. लाल आकडे उजळले: 4.3 व्होल्ट, 0.6 अँपिअर. मग तीच केबल काढून हातभर लांबीची, जाड अंगाची दुसरी लावली. 4.8 आणि 1.8.

"आत तार केसावानी हाय, काका. वरून नुसतं रबर."

हे मला एका झटक्यात कळलं, कारण मी जुळे सोलापुरात लाइनीच्या शेवटच्या घरात राहतो. टाकीतून पाणी जोरातच सुटतं. पण नळी बारीक आणि लांब असली की आमच्याकडे पोचेस्तोवर करंगळीएवढी धार उरते. केबलचंही तेच. बारीक तांब्याची तार जितकी लांब तितका तिचा रोध जास्त, आणि चार्जरनं दिलेले 5 व्होल्ट वाटेतच गळतात. टॅबलेट शहाणा असतो. दाब कमी पडतोय असं दिसलं की तो आपणच कमी ओढायला लागतो. वीज कुठं जाते? तारेत, उष्णता होऊन. म्हणजे आम्ही आख्खा उन्हाळा सोलापूरची हवा स्वखर्चानं आणखी तापवत होतो.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. लिथियमची बॅटरी साधारण 0 ते 45 अंशांच्या मधेच चार्ज करून घेते. त्याच्या वर गेलं की आतलं सर्किट सरळ हात वर करतं, नाहीतर बॅटरी फुगते. खालच्या शून्याशी सोलापूरकराचा संबंध येत नाही. वरचं 45 मात्र आमच्या अगदी उंबऱ्यावर. मे महिन्यात बाहेर 42-43 असतं, त्यात टॅबलेटला जाड रेक्झिनचं कव्हर, खाली गादी, आणि दुपारची मॅच चालू. मग पडद्यावर तापमानाची तक्रार यायची आणि चार्जिंग थांबायचं. मुलीनं यूट्यूबवर बघून फ्रिजचा प्रस्ताव मांडला होता. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर स्टीलच्या भांड्यावर जसं पाणी सुटतं तसं ते टॅबलेटच्या आतही सुटेल, हे तिला पटवायला मला तिचंच सहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढावं लागलं. उपाय आण्णांनी काढला: कव्हर काढायचं आणि टॅबलेट शहाबादी फरशीवर पालथा घालायचा. दुपारी ते स्वतः तिथंच आडवे होतात. त्या दिवसांत आमच्या मधल्या खोलीत दोघं शेजारी शेजारी गार होत पडलेले असायचे.

तर, नवी पेठ. केबल नवी घेतली, 1.8 चा आकडा बघून मी पाकीट खिशात घालायला लागलो, तेवढ्यात पोरगा म्हणाला, "थांबा. मी दाबून धरलंय म्हणून येतंय." त्यानं बोट काढलं. मीटरवर शून्य. केबल उलटी करून लावली, थोडी धुगधुगी आली. तिरकी केली, गेली. "जॅक ढिला हाय. बदलावा लागंल. पार्ट मागवायचा, आठवडा धरा."

ही खोड मला ठाऊक होती. घरी पिन अमुक कोनात लावून खाली काडेपेटी सरकवायची, वरून पंचांग ठेवायचं, आणि मग त्या खोलीत कुणी मोठ्यानं शिंकायचं नाही, अशी व्यवस्था चालू होतीच.

घरी येऊन आठवड्याची मुदत सांगितली. आण्णांचा चेहरा पडला. "आठवडा? आन् मी काय भिंतीकडं बघत बसू?" मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो बँकवाल्या काकांना, मेहुण्याला, मला, कुणालाच सुचला नव्हता.

"पिन पूर्ण आत जाती का?"

नातीचा फोन मागवला. त्याच्यात तीच पिन कट् आवाज करून मुळापर्यंत बसली. टॅबलेटमध्ये लावली, तर धातूची दीड-दोन मिलिमीटर कड बाहेरच. आवाज नाही की काही नाही. आण्णा म्हणाले, "जॅक ढिला न्हाई. आत कायतर बसलंय."

आणि त्यांनी पेटीतून हत्यार काढलं. मागाच्या फणीतून धागा ओढायची पोलादी आकडी. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. त्या एवढ्याशा भोकात 24 संपर्क असतात, मधल्या पातळ जिभेच्या वर 12 आणि खाली 12. पिन सुलटी-उलटी कशीही बसते ती त्यामुळेच; आणि एका बाजूला घाण साचली की एकाच बाजूनं चालते तेही त्यामुळेच. तिथं लोखंड घातलं की दोन संपर्क एकमेकांना चिकटतात, नाहीतर ती जीभच मोडते, आणि मग खरोखर आठवडा लागतो. बराच वेळ तहाची बोलणी झाली. लूम चालवताना कुणी आपला हात धरला नव्हता असं त्यांनी ऐकवलं. शेवटी टॅबलेट बंद केला, दात कोरायची लाकडी काडी ब्लेडनं तासून चपटी केली, आणि आण्णा भिंग डोळ्याला लावून बसले.

पहिल्यांदा काही आलं नाही. मग काडीच्या टोकाला एक निळसर केस लागला. मग त्याच्यामागून, हळूहळू, दाबून दाबून नमद्यासारखी झालेली एक आख्खी गादी बाहेर आली. भोकाच्या मापाची, कोपऱ्यांसकट. पिन रोज थोडी थोडी ठोकून बसवत होती तिला. सौभाग्यवतीनं ती टाकायला कागद पुढं केला, पण आण्णांनी टाकू दिली नाही. चिमटीत चोळली, भिंगाखाली धरली, एक धागा उकलून ताणला.

"चादर न्हाई ही. टॉवेल हाय."

"कशावरून, आण्णा?"

"चादरीचं सूत असं सुटत न्हाई. ही लव हाय. वरचे फासे तुटून पडत्यात."

सगळ्यांच्या नजरा पलंगाच्या उशाकडे गेल्या. तिथं निळा टॉवेल होता, ज्यावर टॅबलेट रोज झोपतो आणि ज्यानं तो रोज पुसला जातो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. आमच्या टॅबलेटमधला बिघाडही अस्सल, मानांकित आणि स्थानिक मालाचा होता.

पिन लावली. कट्. दुपारपर्यंत 100 टक्के. वरचे वीस टक्के रेंगाळत आले, पण ती बॅटरीची रीतच आहे. भरत आली की ती आपणहून ओढ कमी करते. आण्णांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते आत अजून एखादा धागा होता.

बातमी इमारतीत पसरली. आता संध्याकाळचं कीर्तन सुरू व्हायच्या आधी आण्णा ओट्यावर भिंग आणि तासलेल्या काड्या घेऊन बसतात आणि लोक फोन घेऊन येतात. पैसे घेत नाहीत. मात्र निघालेला माल कागदावर ठेवून त्याची जात सांगितल्याशिवाय फोन परत देत नाहीत. बँकवाल्या काकांच्या फोनमधून बडीशेप निघाली. काका म्हणाले, त्यांना बॅटरीचाच संशय होता. एका कॉलेजच्या पोराच्या फोनातून जीन्सच्या खिशाचं अस्तर निघालं, पॉलिस्टर मिसळलेलं, त्यावर आण्णांनी त्याला मिश्र सुतावर लांबलचक व्याख्यान दिलं. आणि परवा वरच्या वहिनी आल्या. काडीच्या टोकाला लालसर, तेलकट असं काही लागलं. आण्णांनी भिंग धरलं नाही, नाकाशी नेलं.

"शेंगाचटणी. लसूण जरा जास्त पडलाय औंदा."

वहिनींनी फोन घेतला, पदरानं पुसला आणि जिना चढून गेल्या. या महिन्याची चटणी अजून आलेली नाही.