ड्रॅगनला माफ, फायटरला जाब

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एकेका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत टेबलावर खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तो उकरून काढतंच. फायटर म्हणजे जादूशिवाय, शस्त्रांवर लढणारं पात्र. त्याने काही अचाट करायचं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "याच्याकडे जादू नाही, मग हे जमणार कसं?" मला हा प्रश्नच खटकतो. कारण तो फक्त फायटरलाच विचारला जातो.

नियम बघा. (२०१४ची पाचवी आवृत्ती धरतोय, आमच्याकडे अजून तीच चालते.) सातव्या लेव्हलला रोगला, म्हणजे चपळ चोर-पात्राला, इव्हेजन (हल्ला चुकवायचं कसब) मिळतं. वीस फूट त्रिज्येचा फायरबॉल, म्हणजे जादूचा आगीचा गोळा, बरोबर त्याच्या डोक्यावर फुटला, आसपास आडोसा नाही, आणि सेव्ह (बचावाचा फासा) जमला, तर रोगला डॅमेज शून्य. जागचा हललाही नाही! होता तिथेच उभा, भुवईसुद्धा करपलेली नाही. "बाबा रे, तू नेमका गेलास कुठे?" असं त्याला विचारणारा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) मला तरी भेटलेला नाही. मंक, म्हणजे लढवय्या साधू, नवव्या लेव्हलला पाण्यावरून धावतो. तिथे 'की' नावाची ऊर्जा आहे म्हटलं की सगळे खूश.

आणि ड्रॅगन? एवढं धूड तेवढ्याशा पंखांवर उडणार नाही हे शाळेतलं विज्ञानही सांगेल. पण खरी गंमत पुढे आहे. अँटीमॅजिक फील्ड नावाचा आठव्या लेव्हलचा स्पेल (जादूचा मंत्र) आहे, त्याच्या आत जादू बंद पडते. त्यात ड्रॅगन सापडला तर त्याची आग विझते का? नाही. सेज अॅडव्हाइस म्हणून जे अधिकृत खुलासे आहेत त्यांत हे उत्तर आहे. एक जादू स्पेलमध्ये आणि जादूच्या वस्तूंमध्ये एकवटलेली असते. दुसरी त्या विश्वाच्या घडणीतच, तिथल्या प्राण्यांच्या शरीरातच मुरलेली असते. फील्ड अडवतं ते पहिलीला. मग त्याच विश्वात जन्मलेला, तिथलंच पाणी प्यालेला, ट्रोल-जायंट मारत चौदाव्या लेव्हलला पोचलेला माणूस त्या घडणीबाहेर कसा काय राहिला? ड्रॅगनच्या फुफ्फुसात जे मुरू शकतं ते याच्या मांड्यांत का नाही?

आमच्याच टेबलावरचा किस्सा सांगतो. पूल तुटलेला, समोर तीस फुटांची दरी. माझा फायटर चौदाव्या लेव्हलचा, स्ट्रेंथ २०, म्हणजे माणसाला मिळू शकते तेवढी. नियमाने धावत येऊन मारलेली लांब उडी स्ट्रेंथच्या आकड्याइतके फूट, म्हणजे वीस. मी म्हटलं, अॅथलेटिक्सचा रोल दे, डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, काय हवा तो लाव. डीएम म्हणाला, "अरे, लॉजिकली माणूस एवढी उडी कसा मारेल?" आता माइक पॉवेलने १९९१ साली टोकियोत ८.९५ मीटर उडी मारली. सव्वाएकोणतीस फूट. त्याने ड्रॅगन मारल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे आमचा दंतकथेतला वीर खऱ्याखुऱ्या माणसापेक्षा नऊ फूट कमी!

मी दरीची खोली विचारली. दोनशे फूट. पडण्याचं डॅमेज दर दहा फुटांना एक फासा, सहा बाजूंचा, जास्तीत जास्त वीस फासे. वीसही फाशांवर सहा पडला तरी १२०. माझे एचपी (हिट पॉइंट्स, किती मार सोसता येतो तो आकडा) १३०. "मग मी खालीच उडी टाकतो," म्हटलं. फासे पडले, बेरीज ७४. फायटर उठला, चिलखत झटकलं आणि पलीकडचा कडा चढायला लागला. यावर डीएमने लॉजिकचा 'ल'सुद्धा काढला नाही. वर पोचलो तोवर आमचा विझर्ड, म्हणजे जादूगार, फ्लाय हा उडायचा स्पेल टाकून आरामात पलीकडे गेलेला होता.

माझं म्हणणं काय ते या एका दरीत आलं. फायटर अमानवी आहेच, पहिल्यापासून आहे. त्याने अमानवी मार खाल्ला तर कोणाची हरकत नसते. अमानवी काही *केलं* की कागदपत्रं मागतात. एचपी म्हणजे नुसतं मांस नव्हे, त्यात कसब, नशीब, दैवी कृपा सगळं आलं, असं या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच लिहून ठेवलंय. ठीक आहे. पण मग तेच कसब आणि तीच कृपा उडीच्या वेळी कुठे जाते?

आणि हे काही कोणी नव्याने शोधून काढायला नको. तिसऱ्या आवृत्तीत 'एक्स्ट्राऑर्डिनरी' क्षमता असा वेगळा वर्ग होता. जादू नाही, तरीही पदार्थविज्ञानाचे नियम मोडू शकतात, असं तिथे स्पष्ट होतं. २००८च्या चौथ्या आवृत्तीने फायटरला विझर्डच्या बरोबरीने पॉवर्स दिल्या, तर लोकांनी "हे काय अॅनिमे लावलंय" म्हणून बोंब ठोकली.

समोरच्यांची एक बाजू मात्र मला मनापासून पटते. काहींना साधा माणूसच खेळायचा असतो. हातात तलवार, पोटात गोळा, समोर ड्रॅगन. त्यात वेगळीच मजा आहे, मीही ती घेतो. पण मग गेम पाचव्या-सहाव्या लेव्हलला थांबवा. तसं खेळणारे आहेतही. विझर्डने उल्का पाडायच्या आणि फायटरने मात्र वास्तववाद सांभाळायचा, हा कुठला न्याय?

यावर सुचवला जाणारा तोडगा म्हणजे फायटरला काहीतरी कारण देऊन टाका. देवाचा आशीर्वाद, जादूचे बूट, रक्तात राक्षसाचा अंश. इथे जपून. कारण कुठे ठेवलंय याने फार फरक पडतो. कर्णाचं अभेद्यपण कवचकुंडलांत होतं, म्हणून इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन ते मागून नेऊ शकला. भीमालाही कारण आहेच, वायुपुत्र आहे, नागलोकात रस पिऊन दहा हजार हत्तींचं बळ मिळालं. पण ते त्याच्या अंगात जिरलं. कोणी काढून घेऊ शकत नाही आणि पुढे दर वेळी तो झाड उपटतो तेव्हा व्यास थांबून खुलासा करत नाहीत. बूट दिलेत तर फायटरचा कर्ण होतो, डीएमला वाटेल तेव्हा काढून घेता येतात. द्यायचंच तर भीमासारखं द्या. एकदाच सांगा आणि विषय संपवा. नाही सांगितलं तरी माझं काही अडत नाही.

पुढच्या कॅम्पेनला, म्हणजे पुढच्या सलग मोहिमेला, मी डीएम आहे. फायटर आणि बार्बेरियन (रानटी योद्धा) यांची उडी अकराव्या लेव्हलपासून दुप्पट, सतराव्यापासून चौपट, रोल नाही, खुलासा नाही. विझर्ड खेळणाऱ्याने ग्रुपवर आत्ताच लिहिलंय की यामुळे बॅलन्स बिघडेल. सतराव्या लेव्हलला त्याला विश, म्हणजे जवळपास मागेल ते घडवणारा स्पेल, मिळतो.